ताटातली कर्बोदके कमी करताना: मधुमेहींसाठी पायरीपायरीने

कर्बोदके कमी खाल्ली की जेवणानंतरची शुगर कमी चढते, यावर कुणाचा फारसा वाद नाही. वाद आहे तो किती कमी करायची, कुणी करायची आणि हे किती दिवस जमतं यावर. शिवाय ही कल्पना आजकालची नाही. इन्सुलिन टोरांटोत सापडलं १९२१ साली आणि रुग्णाला पहिल्यांदा टोचलं गेलं जानेवारी १९२२ मध्ये. तोवर पथ्य हाच काय तो उपचार होता. जॉन रोलो नावाच्या ब्रिटिश लष्करी शल्यचिकित्सकाने तर १७९७ मध्येच आपल्या रुग्णाला जवळजवळ फक्त मांसाहारावर ठेवल्याचा अनुभव छापला होता.

आज फरक एवढाच की बहुतेक मधुमेही पथ्याबरोबर औषधंही घेत असतात. सगळ्यात मोठी गफलत तिथेच होते. ताट बदलतं आणि गोळ्या त्याच राहतात. म्हणून या लेखात ताटाआधी गोळ्या, आणि आहाराच्या नावाआधी ग्लुकोमीटर (घरी शुगर मोजायचं यंत्र), असा क्रम ठेवला आहे.

आधी औषधांची यादी

आपण घेतो ती सगळी औषधं एका कागदावर लिहा. ब्रँडचं नाव नको, पाकिटावर बारीक अक्षरात छापलेलं मूळ औषधाचं नाव लिहा. ते तीनपैकी कुठल्या गटात बसतं ते बघा.

पहिला गट शुगर जबरदस्तीने खाली खेचणारा: इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या. या गोळ्या तुम्ही काय जेवलात ते बघत नाहीत, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. भात निम्मा केला आणि गोळी पूर्वीचीच राहिली तर शुगर ७० च्या (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, लेखातले शुगरचे सगळे आकडे याच मापात) खाली जाऊ शकते, तीही रात्री झोपेत. यातलं काही घेत असाल तर डॉक्टरांशी बोलून डोस ठरवा आणि मगच कर्बोदकांना हात लावा. डोस स्वतःच्या मनाने कमी करू नका, आणि 'नंतर बघू' असंही म्हणू नका.

दुसरा गट अधिक फसवा आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन ही औषधं लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्यांच्यासोबत कर्बोदके फार कमी केली, उपास केला किंवा उलट्या-जुलाब सुरू झाले, तर रक्तात कीटोन (चरबी जाळताना शरीरात तयार होणारे पदार्थ) साचून आम्लता वाढू शकते. याला कीटोॲसिडोसिस म्हणतात आणि ही तातडीने रुग्णालयात जाण्याची गोष्ट आहे. फसवं एवढ्यासाठी म्हटलं, की अशा वेळी मीटरवर शुगर १८०-२०० सुद्धा दिसू शकते. 'शुगर तर ठीक आहे' म्हणून माणूस घरीच थांबतो. मळमळ, पोटदुखी, धाप लागणं, कमालीचा थकवा, यांपैकी काही जाणवलं तर मीटरवर विसंबू नका. ही गोळी चालू असताना दिवसाला ५० ग्रॅमच्या आत कर्बोदके असलेला कीटो आहार डॉक्टरांना न सांगता सुरू करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरा गट मेटफॉर्मिन, सिटाग्लिप्टिन वगैरेंचा. ही औषधं एकटी असतील तर शुगर घसरण्याची भीती कमी असते. बहुतेकदा ती तशीच चालू ठेवून आहार बदलता येतो.

रक्तदाबाच्या गोळ्याही याच यादीत लिहा. कर्बोदके कमी झाली की पहिल्या काही दिवसांत शरीरातलं पाणी आणि मीठ लघवीवाटे कमी होतं, दाब उतरतो आणि उभं राहताना चक्कर येऊ शकते.

काहींनी मात्र हा प्रयोग तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय करू नये: गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, मुलं, मूत्रपिंडाचा आजार असलेले, खाण्याचे मानसिक विकार होऊन गेलेले आणि टाइप १ चे, म्हणजे ज्यांचं शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही असे रुग्ण. टाइप १ मध्ये खाणं कितीही कमी झालं तरी दीर्घकाळ काम करणारं इन्सुलिन बंद करायचं नसतं. आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. बराच काळ चढलेली शुगर झपाट्याने खाली आणली, तर डोळ्याच्या पडद्यावर आधीपासून असलेला दोष काही काळ बळावू शकतो. वर्षभरात डोळे तपासले नसतील तर आधी तपासून घ्या.

पहिला आठवडा: काही बदलू नका, फक्त मोजा

हा आठवडा लोकांना फुकट गेल्यासारखा वाटतो. खरं तर पुढचे सगळे निर्णय त्यावरच उभे असतात.

रोज एक जेवण निवडा. जेवणाआधी शुगर बघा आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी पुन्हा बघा. दोन तास जेवण संपल्यापासून मोजायचे नाहीत, सुरू केल्यापासून मोजायचे. वहीत चार रकाने पुरतात: आधीचा आकडा, काय आणि किती खाल्लं, नंतरचा आकडा, दोन्हींतला फरक. आज न्याहारी, उद्या दुपारचं जेवण, परवा रात्रीचं, असं फिरवत गेलात तर रोज दोनच स्ट्रिप लागतात.

टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. नुकतंच फळ सोललेल्या बोटावर रस राहिला तर आकडा खोटाच चढलेला येतो, कधी कधी पन्नासच्या वर. ओल्या बोटावर उलटं होतं, थेंब पातळ होतो. टोचायचं ते बोटाच्या टोकाच्या कडेला, मधोमध नाही. कडेला दुखतं कमी. रक्त येईना म्हणून बोट दाबून पिळू नका. हात खाली सोडून थोडा झटकला की थेंब येतो.

चांगल्या मीटरलाही साधारण १५ टक्के इकडेतिकडे व्हायची मुभा असते. म्हणजे प्रयोगशाळेत जी शुगर १५० येईल ती घरी १३० किंवा १७० दिसू शकते. म्हणून एका आकड्यावरून कुठल्याही पदार्थाला दोषी ठरवू नका. तेच जेवण दोन-तीनदा मोजा. प्रत्येक वेळी फरक मोठा आला तर तो पदार्थ खरंच चढवतोय असं धरा.

दंडावर सतत शुगर मोजणारा सेन्सर लावत असाल तर हे सगळं आलेखातच दिसतं. तो सेन्सर रक्ताऐवजी त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो आणि रक्ताच्या पाच-पंधरा मिनिटं मागे असतो, एवढं ध्यानात असू द्या. झोपेत त्याच कुशीवर दाब आला तर खोटी घसरणही दाखवतो.

आकडे कितीपर्यंत चांगले? गरोदर नसलेल्या बहुतेक प्रौढांसाठी अमेरिकन डायबेटिस असोसिएशनची उद्दिष्टं सर्वत्र वापरली जातात: उपाशीपोटी आणि जेवणाआधी ८० ते १३०, जेवण सुरू केल्यापासून एक ते दोन तासांनी १८० च्या आत, एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) ७ टक्क्यांच्या आत. वय जास्त असेल किंवा शुगर घसरण्याचा त्रास असेल तर डॉक्टर ही मर्यादा मुद्दाम सैल ठेवतात. तुमचं मीटर मिलीमोलमध्ये आकडे देत असेल तर १८ ने गुणा.

पहिली कात्री कुठे लावायची

आठवड्याची वही समोर घ्या आणि फरकाचा सगळ्यात मोठा आकडा शोधा. सुरुवात तिथून करा. सगळं एकदम सोडणारे बहुतेक महिनाभरात सगळं परत धरतात.

पेयं असतील तर तीच पहिली. सरबत, सोडा, फळांचा रस, साखर घातलेला चहा-कॉफी यांतली साखर चावावी लागत नाही, पोटात थांबत नाही, मिनिटांत रक्तात उतरते. एक चमचा साखर म्हणजे ४ ग्रॅम कर्बोदके. दिवसाचे चार कप आणि प्रत्येकी दोन चमचे धरले तर इथेच ३२ ग्रॅम झाले.

त्यानंतर धान्य. शिजवलेला पांढरा भात १०० ग्रॅम म्हणजे सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके, आणि वाढून घेतलेला भात सहसा १०० ग्रॅमवर थांबत नाही. निदान आठवडाभर तरी तो वजनकाट्यावर ठेवून बघा. डोळ्यांचा अंदाज नेहमी कमीच निघतो. ब्राउन राइसवर लोकांचा फार भरवसा असतो, पण त्यातही शंभर ग्रॅमला २५ च्या आसपास कर्बोदके असतातच. तो थोडा सावकाश पचतो, चोथा (फायबर) जास्त देतो. पण आवडीने दुप्पट खाल्ला तर शुगरही चढणारच. तेच मधाचं. 'नैसर्गिक' म्हणून शुगर त्याला सूट देत नाही.

एक न्याहारी तपशिलात बघू. ब्रेडचे दोन स्लाइस २८ ग्रॅम, संत्र्याचा रस एक पेला २६ ग्रॅम, एक मध्यम केळं २७ ग्रॅम. एकूण ८१. यात साखरेचा एक कणही वरून घातलेला नाही आणि बहुतेकांच्या नजरेला ही 'हलकी' न्याहारी वाटते. आता बदल करू: दोन अंडी, एक स्लाइस, रसाऐवजी अख्खं संत्रं. अंड्यांचे मिळून जेमतेम १, स्लाइसचे १४, संत्र्याचे १५. एकूण ३०. पोट पहिल्यापेक्षा जास्त वेळ भरलेलं राहतं आणि दोन तासांनी मीटर फरक दाखवतं. अंडी खात नसाल तर पनीर, टोफू किंवा साखर न घातलेलं दही आणि मूठभर बदाम घ्या.

किती ग्रॅमवर थांबायचं

संशोधनात साधारणपणे दिवसाला १३० ग्रॅमच्या आतल्या आहाराला कमी कर्बोदकांचा आणि २० ते ५० ग्रॅमच्या आहाराला अतिकमी कर्बोदकांचा, म्हणजे कीटो म्हणतात. सामान्य आहारात २५० ते ३०० ग्रॅम सहज होतात.

मला विचाराल तर सुरुवातीला १३० च्या आसपास या, म्हणजे तीन जेवणांत ३०-४० प्रत्येकी आणि थोडं मधल्या खाण्याला. महिनाभर तिथेच राहा. मीटर समाधानकारक आकडे देत असेल तर आणखी खाली जाण्याची गरज नसते. देत नसेल तर १०० वर या. ५० च्या खाली जाणं हा वेगळाच खेळ आहे. त्यात यश येतं, पण औषधं, मीठ-पाणी, बद्धकोष्ठता आणि चारचौघांतली जेवणं यांची व्यवस्था आधी लावावी लागते.

तुलनात्मक चाचण्या एकत्र करून पाहिल्या की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. टाइप २ मध्ये, म्हणजे सहसा मोठेपणी होणाऱ्या नेहमीच्या मधुमेहात, सहा महिन्यांपर्यंत कमी कर्बोदकांच्या आहाराची आघाडी ठळक असते, वर्षाच्या टोकाला ती बरीच पुसट होते. त्यामागे लोकांना तो आहार टिकवता न येणं हे एक मोठं कारण आहे. म्हणून दहा वर्षं खाता येईल असा ११० ग्रॅमचा आहार हा दोन महिने चाललेल्या २५ ग्रॅमच्या आहारापेक्षा मी केव्हाही वरचा मानतो.

आणि कर्बोदके हा एकच रस्ता आहे असंही नाही. ब्रिटनमधल्या डायरेक्ट चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. निदान होऊन सहा वर्षांहून कमी काळ झालेल्या आणि इन्सुलिन न घेणाऱ्या टाइप २ च्या रुग्णांना तीन ते पाच महिने दिवसाला ८२५ ते ८५३ कॅलरींची पेयं दिली. वर्षअखेर ४६ टक्के लोकांचा एचबीएवनसी मधुमेहाची औषधं न घेता ६.५ च्या खाली होता. गंमत म्हणजे त्या पेयांमधली निम्म्याहून जास्त ऊर्जा कर्बोदकांचीच होती. तिथे काम केलं ते वजनाच्या घटीने. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होतं. तेव्हा वजन जास्त असेल आणि कर्बोदके कमी करूनही तूप, चीज, सुकामेवा यांच्या वाट्याने कॅलरी परत येत असतील, तर जेवणानंतरची शुगर सुधारेल पण मूळ दुखणं तिथेच राहील.

रिकाम्या जागी काय ठेवायचं

कमी केलेल्या भाता-ब्रेडच्या जागी काहीतरी यायला हवं, नाहीतर दुपारी चारला बिस्किटांचा डबा उघडतो.

अर्धं ताट पालेभाज्या, कोबी, फ्लॉवर, दुधी, काकडी, टोमॅटो, वांगी अशा कमी पिष्टाच्या (स्टार्चच्या) भाज्यांचं. बटाटा, रताळं, मका यांना भाजीत धरू नका, त्यांची रांग धान्यासोबत. पाव ताट प्रथिनांचं: अंडी, मासे, चिकन, पनीर, टोफू. उरलेल्या पावात धान्य.

डाळी आणि कडधान्यं कुठे बसवायची यावर गोंधळ होतो. शिजवलेल्या मसुरात १०० ग्रॅमला २० ग्रॅम कर्बोदके असतात, पण त्यांतले ८ ग्रॅम चोथाच असतो, जो रक्तात साखर बनून उतरत नाही. वर ९ ग्रॅम प्रथिनं. मांसाहार न करणाऱ्यांनी डाळ तोडू नये. भात आणि डाळ दोन्ही भरपूर, हे मात्र जमणार नाही.

फॅट वाढवताना तेलबिया, दाणे, मासे, एवोकॅडो, ऑलिव्ह यांकडे कल असू द्या. लोणी, मलई आणि प्रक्रिया केलेलं मांस यांवर आहार रचला तर काहींचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल बरंच चढतं, आणि मधुमेहात हृदयाचा धोका आधीच जास्त असतो.

पाकिटावरचे आकडे

मोठ्या अक्षरातलं 'शुगर फ्री' सोडून द्या. मागच्या तक्त्यात एकूण कर्बोदके बघा आणि ती किती ग्रॅममागे आहेत हे बघा. अनेक ठिकाणी 'एका सर्व्हिंगला' म्हणून दिलेला आकडा दोन बिस्किटांचा असतो. अमेरिकी लेबलांत एकूण कर्बोदकांत चोथा धरलेला असतो, युरोपीय लेबलांत तो वेगळा काढलेला असतो, तेव्हा आयात पाकिटावर चोथा दोनदा वजा करू नका. घटकांच्या यादीत माल्टोडेक्स्ट्रिन (पिष्टापासून केलेली पावडर) दिसलं तर ते साखरेइतकंच वेगाने चढवतं. साखरेऐवजी गोडीसाठी घालतात तो माल्टिटॉलही शुगर वाढवतो, फक्त साखरेपेक्षा कमी. तशाच एरिथ्रिटॉलचा परिणाम जवळजवळ शून्य असतो.

तेच जेवण, कमी चढ

भाजी आणि प्रथिनं आधी, भात-ब्रेड शेवटी. एवढा क्रम बदलला तरी जेवणानंतरचा चढ कमी होतो, कारण पोट सावकाश रिकामं होतं. जेवणानंतर लगेच दहा-पंधरा मिनिटं चाला. चालणारे स्नायू रक्तातली साखर फारशा इन्सुलिनशिवायही ओढून घेतात. सकाळी तासभर फिरून दिवसभर बसून राहणाऱ्यांनी त्यातली पंधरा मिनिटं रात्रीच्या जेवणानंतर वळवून मीटर बघावं.

उपाशीपोटीच्या आकड्याने मात्र निराश होऊ नका, तो सगळ्यात शेवटी हलतो. रात्री काही न खाताही सकाळी १४० कसे, हा प्रश्न नेहमीचा. पहाटे संप्रेरकं वाढतात आणि यकृत स्वतःच्या साठ्यातून साखर सोडतं. ती रात्रीच्या भाताची साखर नसते. ती खाली यायला वजन उतरणं, झोप सुधारणं आणि कधी कधी औषधाची वेळ बदलणं लागतं.

शुगर घसरली तर

घाम, थरथर, धडधड, एकाएकी भूक, चिडचिड. मोजा. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम झपाट्याने चढणारी साखर घ्या: ग्लुकोज पावडर किंवा पाण्यात विरघळवलेली चार चमचे साखर. १५ मिनिटं थांबा, पुन्हा मोजा, अजूनही खाली असेल तर पुन्हा तेवढीच. या वेळी पथ्य विसरायचं. चॉकलेट नको, त्यातल्या फॅटमुळे साखर उशिरा पोचते. अकार्बोज ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांनी ग्लुकोजच घ्यावं, कारण ते औषध साध्या साखरेचं पचन अडवतं. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, रुग्णवाहिका बोलवा.

बीटा-ब्लॉकर (रक्तदाब आणि हृदयासाठीच्या काही गोळ्या) घेणाऱ्यांना धडधड आणि थरथर जाणवेलच असं नाही, घाम मात्र येतो. दारू यकृताला साखर सोडू देत नाही. कमी कर्बोदकांचं जेवण, इन्सुलिन आणि वर दारू हे तिन्ही एका रात्री आले तर पहाटे शुगर कोसळू शकते.

पहिले पंधरा दिवस आणि पहिले तीन महिने

पहिल्या आठवड्यात काट्यावर दोन किलो उतरलेले दिसतात. हुरळून जाऊ नका, त्यातलं बरंच पाणी असतं. शरीरातल्या ग्लायकोजेनच्या (साठवलेल्या साखरेच्या) प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी साठलेलं असतं, साठा संपला की ते जातं. डोकं दुखणं, पायात गोळे, मरगळ यांचं मूळही बहुधा तिथेच. पाणी पुरेसं प्या. मीठ वाढवावं का, हे रक्तदाब आणि मूत्रपिंड कसं आहे त्यावर ठरतं, ते डॉक्टरांना विचारा. पोट साफ होत नसेल तर भाज्या कमी पडताहेत.

डोस बदलला असेल तर पहिले पंधरा दिवस मोजणी दुप्पट करा आणि आकडे डॉक्टरांना कळवत राहा. तीन महिन्यांनी एचबीएवनसी करा, त्याआधी करून उपयोग नाही, कारण तो मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतो. ७ टक्के म्हणजे सरासरी शुगर १५४, ८ टक्के म्हणजे १८३. रक्तक्षय असेल किंवा अलीकडे रक्त चढवलं असेल तर हा आकडा फसवतो, तेव्हा घरच्या वहीवर जास्त भिस्त ठेवा. त्याच वेळी लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) करून घ्या. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी १२ सुद्धा.

आणि मधल्या काळात कुणी ग्लुकोज पाजून करायची तपासणी सांगितली, तर तुम्ही कर्बोदके कमी खाता हे आधी सांगा. त्या तपासणीपूर्वी तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कर्बोदके खाल्लेली असावी लागतात. तसं केलं नाही तर सवय सुटलेलं शरीर एकदम आलेल्या साखरेला नेहमीसारखा प्रतिसाद देत नाही आणि आकडा प्रत्यक्षाहून वाईट येतो.